तीन आकडे आणि दोन टिंबं

समीक्षा हा माझा प्रांत नव्हे. माझा प्रांत म्हणजे खिडकी क्रमांक तीन, पासबुकं आणि पेन्शन. बी.कॉम. झालेल्या माणसानं ताळेबंद वाचावा, फार तर दिवाळी अंकातलं वार्षिक भविष्य वाचावं, पण एखाद्या लेखनकृतीवर चारचौघांत मत देऊ नये, असं माझं स्वतःचं मत होतं. कॉलेजात असताना एका कवितासंग्रहावर मी मत दिलं होतं. ते कवी पुढे आमच्याच शाखेत कर्ज मागायला आले. कर्ज मंजूर होईपर्यंत ते मला चहा पाजत आणि झाल्यानंतर ओळख दाखवीनासे झाले. तेव्हापासून मी त्या वाटेला गेलो नाही.

पण गेल्या पावसाळ्यात एक लेखनकृती माझ्या हाती पडली आणि ती मी पुरती वाचली. म्हणजे व्हाउचर तपासावं तशी, ओळीखाली बोट धरून. कृतीचं नाव 'सिमँटिक व्हर्जनिंग'. लेखक टॉम प्रेस्टन-वॉर्नर, हे गिटहब या प्रसिद्ध कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. मी वाचली ती आवृत्ती २०१३ सालची. लांबी विचाराल तर छापल्यावर पाच-सहा कागद. विषय असा की, संगणकाच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बाहेर सोडताना तिला क्रमांक कोणता द्यावा.

तुम्ही म्हणाल, यात लिहायचं काय आणि वाचायचं काय? पहिलीला एक द्यावा, दुसरीला दोन. मीही तेच म्हणालो होतो. पण त्याचं असं झालं.

आमच्या खिडकीवर दर महिन्याच्या दोन तारखेला एक गुरुजी येतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त होऊन त्यांना वीसेक वर्षं झाली. वय ऐंशीच्या आसपास. नक्की सांगता येत नाही, कारण दाखल्यावरची जन्मतारीख एक जून आहे. आमच्या पेन्शनरांच्या यादीत एक जूनला जन्मलेल्यांची एवढी गर्दी आहे की त्या दिवशी गावातल्या सुइणींनी जेवण कधी केलं असेल असा प्रश्न पडावा. शाळा जूनमध्ये उघडायची आणि नाव घालताना मास्तर लिहितील ती जन्मतारीख, असा तो काळ. गुरुजींनी स्वतःच पाच-पन्नास पोरं एक जूनला जन्माला घातली आहेत, असं तेच सांगतात.

तर गुरुजी येतात, पासबुक छापून घेतात, धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसतात आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून 'पेन्शन' हा शब्द वाचतात. रक्कम बघत नाहीत. शब्द दिसला की पैसे काढायची स्लिप भरतात. इतकी वर्षं हा क्रम चालू होता.

मग एके दिवशी सकाळी हेड ऑफिसचं सर्क्युलर आलं. बँकेच्या संगणकप्रणालीची आवृत्ती ७.२.३ वरून ७.२.४ झाली होती. खाली लिहिलं होतं: किरकोळ दुरुस्त्या, ग्राहकसेवेवर परिणाम नाही. मी त्यावर वाचल्याची सही केली. वाचलं नव्हतं. सर्क्युलरवरची सही ही वाचल्याची असते असा गैरसमज फक्त ऑडिटरचा असतो.

दोन तारखेला गुरुजी आले. पासबुक छापलं. चष्मा पुसला. बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं.

"काय हो साहेब, पेन्शन नाही आली?"

"आली ना गुरुजी. ही बघा रक्कम. नेहमीचीच आहे."

"रक्कम आली. पेन्शन कुठंय?"

मी पाहिलं. तपशिलाच्या रकान्यात एक लांबलचक क्रमांक छापला होता. पूर्वी आधी शब्द यायचा आणि मग क्रमांक. आता कुणीतरी क्रमांक आधी घेतला होता, आणि रकाना अरुंद असल्यामुळे 'पेन्शन' हा शब्द त्याच्या कडेवरून खाली पडला होता. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, शिल्लक बरोबर. "किरकोळ बदल आहे गुरुजी, संगणकाचा," मी म्हणालो. मागे रांग होती, आणि रांगेत एक बाई मुलाची फी भरायची म्हणून घड्याळ बघत होत्या. गुरुजी काही न बोलता गेले. स्लिप भरली नाही, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

आठवडाभरानं औषधाच्या दुकानदाराकडून कळलं की गुरुजी रक्तदाबाच्या गोळ्या पट्टीनं न घेता दोन-दोन घेतायत, त्याही उधार. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. म्हणाले, "अहो, पैसे कुणाचे ते लिहिलेलं नाही. दुसऱ्या कुणाचे चुकून माझ्या खात्यात पडले असले, आणि मी खर्च केले, आणि उद्या तुम्ही परत मागायला आलात, तर कुठून देऊ?"

माझ्या नोकरीत चुकून जमा झालेली रक्कम त्याच दिवशी दुपारी काढून नेणारे खातेदार मी पाहिले आहेत. स्वतःची पेन्शन दुसऱ्याची समजून सांभाळणारा हा पहिलाच. मी तिथेच त्यांचं पासबुक घेतलं, त्या ओळीच्या शेजारी बॉलपेननं 'पेन्शन' असं लिहिलं आणि खाली सही केली. छापील पासबुकात हातानं लिहायचं नसतं. मला ते माहीत होतं. गुरुजींनी वाचलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी येऊन पैसे काढले.

माझा भाचा पुण्याला हिंजवडीत असतो. सॉफ्टवेअरमध्ये आहे, म्हणजे रात्री जागा असतो. गणपतीला आला तेव्हा मी त्याला हे सगळं सांगितलं आणि विचारलं, "शेवटचा आकडा तीनाचा चार झाला, एवढंच. मग या आकड्यांना अर्थ तरी काय?" तो म्हणाला, "मामा, अर्थ असतो. असायला पाहिजे." आणि त्यानं ते पाच-सहा कागद छापून दिले. अशा रीतीनं मी समीक्षक झालो.

आता कृतीबद्दल.

आवृत्तीचा क्रमांक तीन आकड्यांचा, मध्ये दोन टिंबं. पहिला आकडा मोठ्या बदलाचा, दुसरा मधल्या, तिसरा छोट्या. पण मोठा-छोटा कशावरून ठरवायचं? मेहनतीवरून नाही, हे लेखकानं फार चांगलं ओळखलंय. आमच्या खिडकीचं उदाहरण घ्या. खिडकीच्या आत आम्ही टेबलं हलवली, पंखा बदलला, कॅशियरची बदली केली, बेरजेतली चूक सुधारली, तरी बाहेर तीच स्लिप चालते आणि तेच पैसे मिळतात. हा तिसरा आकडा. शेजारी नवी खिडकी उघडली, जुनी तशीच ठेवली, हा दुसरा. आणि जुनी स्लिप आजपासून चालणार नाही म्हटलं की पहिला आकडा वाढवायचा, मग आत फक्त एका रबरी शिक्क्याची जागा बदललेली असली तरी. थोडक्यात, आकडा आतल्या माणसाच्या कष्टांचा नाही, बाहेरच्या माणसाच्या त्रासाचा. ही कल्पना मला एकदम मान्य झाली. सरकारी, निमसरकारी आणि बिनसरकारी कुठल्याही कचेरीत यापूर्वी कुणाला ती सुचल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

यात नुसत्या सभ्यतेचा प्रश्न नाही. आजकालचा प्रोग्रॅम हा एकट्याचा नसतो, तो दुसऱ्या शंभर प्रोग्रॅमांच्या खांद्यावर उभा असतो. त्या शंभरांच्या नव्या आवृत्त्या माणूस एकेक वाचून घेत बसत नाही. यंत्राला सांगून ठेवलेलं असतं की पहिला आकडा तोच असेल तर पुढचं परस्पर घेत जा. म्हणजे या आकड्यावर यंत्रं डोळे मिटून सही करतात. मी सर्क्युलरवर केली तशी.

लेखनाची शैली करारनाम्याची आहे. एकूण कलमं अकरा. 'केलंच पाहिजे', 'करावं' आणि 'करता येईल' हे तीन शब्दप्रयोग नेमक्या अर्थानं वापरलेत, आणि ते कुठल्या अर्थानं वापरायचे याचं १९९७ सालचं एक वेगळं टिपण आहे, त्याचा हवाला सुरुवातीलाच दिलाय. आमच्याकडे 'यथोचित कार्यवाही करावी' या वाक्याचा अर्थ कुणी असा ठरवून दिला असता तर निम्मा पत्रव्यवहार वाचला असता.

तिसरं कलम वाचून तर माझ्यातला बी.कॉम. उठून उभा राहिला. एकदा एखाद्या क्रमांकाची आवृत्ती बाहेर पडली की तिच्या आत पुन्हा हात घालायचा नाही. चूक सापडली तर नवा क्रमांक, नवी आवृत्ती. अहो, ही तर किर्द-खतावणी! खातेवहीत खाडाखोड करायची नाही, चुकीची नोंद तशीच ठेवायची आणि खाली उलट नोंद घालायची, हे आम्हाला अकरावीत शिकवलं. पुढच्या कलमांत काहीही येवो, या लेखकाचा मामा बँकेत असणार असं मला त्या क्षणी वाटलं. (आणि लगेच बॉलपेननं लिहिलेला तो 'पेन्शन' आठवला. त्याबद्दल पुढे.)

माझी पहिली तक्रार दुसऱ्या कलमाबद्दल होती. तिथे म्हटलंय की १.९.० नंतर १.१०.० येते. मी तीनदा वाचलं. आमच्याकडे १.९ म्हणजे एक रुपया नव्वद पैसे आणि १.१० म्हणजे एक रुपया दहा पैसे. एक नव्वदनंतर एक दहा आले तर मधले ऐंशी पैसे कुणाच्या खिशात गेले? रात्रभर कॅश टॅली न झाल्यासारखी अस्वस्थता आली. उलगडा झाला तो आमच्या आजोबांच्या जुन्या वहीमुळे. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे येण्यापूर्वी आपल्याकडे रुपये-आणे-पै होते. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. तीन घरं, वेगवेगळी. एक रुपया नऊ आण्यांनंतर एक रुपया दहा आणेच येणार! पैचं घर भरलं की आणा वाढतो आणि पै शून्य. इथेही मधला आकडा वाढला की शेवटचा शून्यावर येतो. आजोबांना हा ग्रंथ चहा होईतो समजला असता. दशमानात वाढलेल्या माझ्यासारख्यांना ते टिंब नडतं. फरक इतकाच की इथला आणा सोळाला थांबत नाही. सतरा, चाळीस, चारशे, कितीही होऊ शकतो.

त्याच कलमात आकड्याच्या डावीकडे शून्यं घालायला बंदी आहे. ०३ नाही, ३. हे जरा मनाला लागलं. चेकचा नंबर सहा अंकी, आणि त्याच्या डावीकडची शून्यं आम्ही कित्येक वर्षं इमानानं लिहीत आलो. पण या डावीकडच्या शून्यांची एक गोष्ट आहे, तीही येईल.

पहिला आकडा शून्य असेल तर? चौथं कलम म्हणतं, तो कच्चा खर्डा समजावा, त्यात केव्हाही काहीही बदलेल. ही सोय देताच माणसं तिच्यातच बिऱ्हाड करून राहिली. शून्यात राहिलं की वचन द्यावं लागत नाही. लेखकानं शेवटच्या प्रश्नोत्तरांत बजावलंय की तुमचा प्रोग्रॅम खऱ्या कामात वापरला जात असेल तर तो एव्हाना १.०.० व्हायला हवा होता. वाइन नावाचा एक प्रोग्रॅम, या ग्रंथाच्या किती तरी आधी, १९९३ साली सुरू झाला आणि त्याची १.० आवृत्ती २००८ साली निघाली. पंधरा वर्षं! आमच्या गल्लीत एका घराचं 'काम चालू आहे' ते इतकंच जुनं आहे, आणि त्याचंही कारण लोक सांगतात की पूर्ण झालं की घरपट्टी लागते.

बाकीचं जग या बाबतीत कसं वागतं ते भाच्यानं सांगितलं, आणि मग या ग्रंथाची गरज पटली. डीबेस हा एकेकाळचा गाजलेला प्रोग्रॅम. तो 'डीबेस टू' या नावानं विकायला आला. 'वन' नव्हताच. दोन म्हटलं की मुरलेला वाटतो, म्हणून. 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी अभिमानानं लावणाऱ्या पुण्यात हे खपलं असतं असं वाटत नाही. विंडोजची आणखी मजा. दुकानात 'विंडोज सात' म्हणून जी मिळायची तिचा आतला क्रमांक होता ६.१. कारण कित्येक जुने प्रोग्रॅम पहिला आकडा तपासायचे आणि सात दिसला की अडायचे. म्हणजे ही एक जूनची जन्मतारीख झाली: दाखल्यावर एक, अंगात दुसरं. आणि आठनंतर थेट दहा. नववी आलीच नाही. लिनक्सचे लिनस टॉरवाल्ड्स तर मोकळेपणानं सांगतात की पहिल्या आकड्याला काही अर्थच नाही. २०११ साली २.६.३९ नंतर त्यांनी एकदम ३.० केलं, ते शेवटचा आकडा फार फुगला आणि लिनक्सला वीस वर्षं होत होती म्हणून. पुढे ४.२० नंतर २०१९ मध्ये ५.० आली, ती मोजायला हातापायांची बोटं संपली म्हणून. हे मला आवडलं. यात फसवणूक नाही. अर्थ नाही म्हणून सांगितलं की माणूस अर्थ शोधत बसत नाही.

उबंटूवाले आणखी शहाणे. ते वर्ष आणि महिनाच लिहितात. २००४ च्या ऑक्टोबरची ती ४.१०. आमच्या हिच्या लोणच्याच्या बरण्यांवर हीच पद्धत आहे. एप्रिल २००६ ला यायची आवृत्ती लांबून जूनमध्ये आली, तर तिचा क्रमांक मुकाट्यानं ६.०६ झाला. उशीर कपाळावरच लिहिला. आमच्या एस.टी.नं ही पद्धत घ्यावी.

पण या सगळ्यांत माझा जीव जडला तो डोनाल्ड कनूथ यांच्यावर. यांनी 'टेक' नावाची अक्षरजुळणीची प्रणाली केली, जगभरची गणिताची पुस्तकं तिच्यावर जुळवतात. तिची आवृत्ती ३, मग ३.१, मग ३.१४, अशी एकेक अंकानं वाढत पायच्या किमतीकडे चाललीय. २०२१ मध्ये ती ३.१४१५९२६५३ झाली. दर वेळी आकडा वाढतो, पण सव्वातीनसुद्धा कधी होणार नाही. माझ्या इन्क्रिमेंटांची चाल हीच आहे. त्यांनी सांगून ठेवलंय की आपल्या मृत्यूनंतर आवृत्ती क्रमांक पाय असा कायम करावा, आणि उरलेल्या चुका या चुका न समजता त्या प्रणालीचा गुण समजाव्यात. आणि ऐका: आपल्या पुस्तकात चूक दाखवील त्याला हे गृहस्थ २ डॉलर ५६ सेंटचा चेक पाठवायचे. लोक तो वटवत नसत, चौकट करून भिंतीवर लावत. चेकवरच्या खाते क्रमांकाचे गैरवापर होऊ लागले म्हणून २००८ साली त्यांनी खरे चेक बंद केले आणि सॅन सेरिफ नावाच्या एका काल्पनिक बेटावरच्या काल्पनिक बँकेची ठेवपावती द्यायला सुरुवात केली. काल्पनिक बँकेत क्लार्कच्या जागा निघतात का, हे मी भाच्याला विचारलं. तिथे पेन्शनर नसतील, असं तो म्हणाला. मग नको म्हटलं.

आता ती डाव्या शून्यांची गोष्ट. 'लेफ्ट-पॅड' नावाचा एक इवलासा प्रोग्रॅम होता. अकरा ओळींचा. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे शून्यं किंवा मोकळी जागा भरून त्याची लांबी पुरी करायची. आम्ही चेकच्या नंबराला हातानं करत आलो तेच. तो हजारो प्रोग्रॅमांच्या पायाखाली होता, बहुतेकांना पत्ताही नव्हता. २२ मार्च २०१६ ला त्याचा लेखक, ज्या भांडारात तो ठेवला होता त्या भांडाराच्या चालकांशी नावावरून भांडला आणि आपलं सगळं सामान काढून घेऊन गेला. हजारो ठिकाणी काम अडलं. दहाच मिनिटांत दुसऱ्या एका भल्या माणसानं हुबेहूब तसाच प्रोग्रॅम करून ठेवला आणि त्याला क्रमांक दिला १.०.०. तरी रडारड थांबेना! कारण पुष्कळांनी मागितली होती ०.०.३. अक्षर न् अक्षर तेच काम करणारी वस्तू समोर पडलीय, पण तिच्यावर हवा तो आकडा नाही, म्हणून कुणी हात लावीना. शेवटी भांडारवाल्यांनी जुन्या साठ्यातून ती ०.०.३ च परत आणून ठेवली, तेव्हा अडीचेक तासांनी गाडी रुळावर आली.

भाचा हसत हसत हे सांगत होता. मला हसू येईना. पैसे आहेत, पण ते आपलेच हे सांगणारी खूण नाही, म्हणून हात न लावणारे मी नुकतेच पाहिले होते. संगणकांना कुणी विचित्र म्हणालं नाही.

आणि इथेच या ग्रंथाशी माझं बिनसतं. मी भाच्याला म्हणालो, "या हिशेबानं आमच्या ७.२.४ नं शब्द दिला आणि मोडला. जुनी खिडकी बदलली होती, पहिला आकडा वाढवायला हवा होता." तो म्हणाला, "नाही मामा. पहिलं कलम वाच. वचन असतं ते फक्त जाहीर केलेल्या पब्लिक एपीआयबद्दल. पासबुकावर शब्द कुठे छापायचा हे त्यात येत नाही."

"म्हणजे पब्लिकला जे दिसतं ते पब्लिक नव्हे?"

"एपीआय म्हणजे एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याला दाखवायची बाजू, मामा. गुरुजी प्रोग्रॅम नाहीत."

यावर उत्तर नव्हतं. गुरुजी खरोखरच प्रोग्रॅम नाहीत. पण त्यानंच मग थोड्या वेळानं, मला वाईट वाटलंसं पाहून, आणखी एक गोष्ट सांगितली. गूगलमध्ये काम केलेल्या हायरम राइट यांच्या नावानं त्यांच्या धंद्यात एक नियम सांगतात. वापरणारे पुरेसे वाढले की करारात काय लिहिलंय ते बाजूला राहतं. प्रोग्रॅम जे जे काही बाहेरून करताना दिसतो, त्या प्रत्येकावर कुणी ना कुणी विसंबून असतोच. करारात नसलेल्या चुकांवरसुद्धा. मी म्हटलं, हे या पाच-सहा कागदांत का नाही? तर त्यानं शेवटची प्रश्नोत्तरं काढून दिली.

तिथे आहे, थोडंसं. चुकून मोडतोड झाली तर काय करावं, या प्रश्नाला उत्तर आहे की जुनं वागणं पूर्ववत करणारी नवी आवृत्ती काढा. आणि योग्य वाटल्यास दोषी आवृत्ती नोंदवा आणि वापरणाऱ्यांना कळवा. अकरा कलमं 'केलंच पाहिजे' म्हणत आलेला हा माणूस, बाहेरच्याला कळवायची वेळ आली तेव्हा 'योग्य वाटल्यास' म्हणतो. आणखी एका उत्तरात त्यानं मान्य केलंय की नियमानं बदल छोटा ठरत असला तरी वापरणाऱ्यांवर मोठा परिणाम होत असेल तर मोठा आकडा द्यावा. पण केव्हा? तर असे वापरणारे पुष्कळ असतील तेव्हा. मी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली. गुरुजी एक आहेत.

लेखकाला मी दोष देतो असं नाही. एवढा चोख करारनामा मी तरी वाचलेला नाही, आणि त्यातलं निम्मं जरी आमच्या सर्क्युलर लिहिणाऱ्यांनी पाळलं तरी मी त्यांच्या नावानं सत्यनारायण घालीन. पण तीन आकड्यांत जे मावतं ते लिहिणाऱ्याला काय म्हणायचं होतं तेवढंच. वाचणाऱ्याचं काय बिघडलं यासाठी चौथं घर नाही. आमच्या ७.२.४ चा चार लिहिणारा मुलगा खोटं बोलला नव्हता. त्याच्या दृष्टीनं एक शब्द आणि एक क्रमांक यांची जागा बदलली होती. मीही गुरुजींना खिडकीतून तेच सांगितलं होतं. किरकोळ, म्हणून. आणि मला तर त्यांचा चेहरा दिसत होता.

हेड ऑफिसला मी पत्र लिहिलं. भाच्यानं सुचवलेले एक-दोन शब्द घातले, त्यामुळे पत्र माझं वाटत नव्हतं, म्हणून असेल, उत्तर आलं. बदल ठरल्याप्रमाणेच असल्याचं कळवलं होतं. पण दीड महिन्यानं ७.२.५ आली. सर्क्युलर यावेळी मी खरंच वाचलं. त्यात पुन्हा तेच, किरकोळ दुरुस्त्या. कुठल्या, ते नव्हतं.

दोन तारखेला गुरुजी आले. मी पासबुक छापलं आणि उलटं करून त्यांच्यासमोर धरलं. शब्द पुन्हा आपल्या जागी आला होता, क्रमांकाच्या आधी, काळा कुळकुळीत. वर गेल्या दोन महिन्यांच्या ओळी होत्या, बिनशब्दाच्या, शेजारी माझं बॉलपेनचं लिखाण आणि सही असलेल्या. मला उगाचच विजयी वाटत होतं. गुरुजींनी सोग्यानं चष्मा पुसला. बोट ठेवलं. वाचलं. मग बोट वरच्या ओळीवर नेलं, तीही वाचली, आणि पुन्हा खाली आले.

"साहेब," ते म्हणाले, "या खेपेला तुमची सही नाही?"